शस्त्र ते क्रीडासाधन : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात धनुर्विद्येच्या सुरक्षित शिक्षणाचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

धनुष्यबाण हे मानवाच्या अतिप्राचीन साधनांपैकी एक होय. शिकार, युद्ध आणि क्रीडा अशा तीन भूमिका या साधनाने पार पाडल्या. प्रत्येक टप्प्यावर ते हाताळण्याचे शिक्षण देणारी एक व्यवस्था अस्तित्वात होती आणि त्या व्यवस्थेत शिकणाऱ्याच्या व इतरांच्या सुरक्षिततेचा विचार अंतर्भूत होता. प्रस्तुत शोधनिबंधात प्राचीन ग्रंथांतील सुरक्षाविचार, वऱ्हाडातील व विशेषतः यवतमाळ जिल्ह्यातील वनकायद्यांमुळे खंडित झालेली पारंपरिक शिक्षणाची साखळी आणि आधुनिक क्रीडाप्रकार म्हणून झालेले धनुर्विद्येचे पुनरागमन यांचा परामर्श घेतला आहे. सुरक्षितता हा धनुर्विद्येला बाहेरून जोडलेला नियम नसून ती त्या विद्येचाच गाभा आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : धनुर्वेद, तीरकमठा, वऱ्हाड, वनकायदा, आदिवासी समाज, क्रीडाशिक्षण, सुरक्षितता.

१. प्रस्तावना

विदर्भाच्या इतिहासात यवतमाळ जिल्ह्याला वेगळे स्थान आहे. एका बाजूने वर्धा आणि दुसऱ्या बाजूने पैनगंगा या नद्यांनी वेढलेला हा डोंगराळ प्रदेश कापसासाठी जितका प्रसिद्ध आहे, तितकाच तो सागवानाच्या व बांबूच्या जंगलांसाठी आणि गोंड, कोलाम, आंध, परधान इत्यादी आदिवासी समाजांच्या वास्तव्यासाठी ओळखला जातो. सन २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या सुमारे २७.७२ लाख लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण साडेअठरा टक्क्यांच्या आसपास होते. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून ज्या तीन जमातींना मान्यता आहे, त्यांपैकी कोलाम ही जमात प्रामुख्याने याच जिल्ह्यात आढळते.

अशा प्रदेशात धनुष्यबाण हा विषय केवळ पुराणकथांपुरता मर्यादित राहू शकत नाही. गावच्या बोलीत ज्याला 'तीरकमठा' म्हटले जाते, ते साधन वनाश्रित जीवनाचा भाग होते. आज तेच साधन शाळा-महाविद्यालयांच्या क्रीडांगणावर नव्या रूपात येत आहे. आदिवासी मुलांच्या अंगी धनुर्विद्या 'उपजतच' असते, असे विधान क्रीडाविषयक भाषणांतून वारंवार ऐकू येते. हे विधान गौरवाचे वाटत असले तरी ते ऐतिहासिकदृष्ट्या तपासून पाहणे आवश्यक आहे. कोणतीही विद्या रक्तातून येत नाही. ती कोणीतरी कोणाला तरी शिकवावी लागते. शिकवणाऱ्यांची साखळी तुटली की विद्या लुप्त होते आणि तिच्यासोबत तिची शिस्तही लुप्त होते. साधन मात्र शिल्लक राहते. शिस्तीविना शिल्लक राहिलेले साधन धोकादायक ठरते. या निबंधाचा विचार या सूत्राभोवती फिरतो.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

१) प्राचीन भारतीय परंपरेतील धनुर्विद्येच्या शिक्षणात सुरक्षिततेचा विचार कोणत्या स्वरूपात आढळतो, याचा शोध घेणे.
२) वऱ्हाडातील वन व शस्त्रविषयक कायद्यांचा पारंपरिक धनुर्विद्येवर झालेला परिणाम अभ्यासणे.
३) आधुनिक क्रीडाप्रकार म्हणून धनुर्विद्येचा झालेला विकास व तिची सुरक्षा-नियमावली यांचे विवेचन करणे.
४) यवतमाळ जिल्ह्यातील शैक्षणिक संस्थांच्या दृष्टीने या इतिहासाची उपयुक्तता स्पष्ट करणे.

३. संशोधन पद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक संशोधन पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे. प्राचीन ग्रंथांतील उल्लेख, कायद्यांच्या तरतुदी, क्रीडासंघटनांचे नियम आणि प्रकाशित स्वरूपातील दुय्यम साधने यांच्या आधारे विवेचन केले आहे.

४. प्राचीन परंपरेतील सुरक्षाविचार

४.१ शरीररक्षणाची साधने

धनुर्विद्येतील सर्वांत पहिली इजा शत्रूच्या बाणाने नव्हे, तर स्वतःच्याच धनुष्याच्या दोरीने होते. बाण सुटताच प्रत्यंचा वेगाने पुढे येते आणि धनुष्य धरलेल्या हाताच्या आतील बाजूवर आदळते. नवशिक्याच्या हातावर उमटणारा निळा-काळा वळ ही या विद्येची जणू पहिली खूणच असते. या आघाताची नोंद ऋग्वेदाइतकी जुनी आहे. सहाव्या मंडलातील युद्धसाधनांच्या सूक्तात 'हस्तघ्न' नावाच्या पट्ट्याचा उल्लेख येतो. सापाने वेढे घालावेत तसा तो हाताभोवती गुंडाळलेला असतो आणि दोरीच्या आघातापासून हाताचे रक्षण करतो, असे त्याचे वर्णन आहे. महाभारतात योद्ध्यांच्या वर्णनात 'गोधा' आणि 'अंगुलित्राण' ही साधने येतात. गोधा म्हणजे घोरपड. तिच्या चिवट कातड्यापासून केलेला हातपट्टाही त्याच नावाने ओळखला गेला. अमरकोशात याच साधनासाठी 'ज्याघातवारण' असा अन्वर्थक शब्द आला आहे. ज्या म्हणजे दोरी, तिचा आघात वारणारे ते ज्याघातवारण. आज क्रीडांगणावर वापरला जाणारा हातपट्टा आणि बोटांवरील चामड्याची पट्टी ही या दोन साधनांचीच आधुनिक रूपे होत. जगातील थोर धनुर्धर म्हणून ज्यांची नावे घेतली जातात, ते वीरही हातपट्ट्याशिवाय रणात उतरत नसत, ही बाब सुरक्षासाधनांना कमीपणा मानणाऱ्या तरुणांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

४.२ धनुष्याची निवड व तपासणी

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग यांपासून केलेल्या धनुष्यांचा निर्देश आहे. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबू व स्नायू यांचा उपयोग सांगितला आहे. यांतील बांबूच्या दोरीचा उल्लेख विशेष महत्त्वाचा आहे. कारण मध्य भारतातील भिल्ल समाजात बांबूच्याच धनुष्याला बांबूच्याच सालपट्टीची दोरी लावण्याची रीत अलीकडच्या काळापर्यंत टिकून राहिली. राजसत्तेच्या आयुधागारातील ज्ञान आणि वनातील ज्ञान यांच्यात फार मोठी दरी नव्हती, असे यावरून म्हणता येते.

अग्निपुराणातील धनुर्वेदविषयक अध्यायांत समपद, वैशाख, मंडल, आलीढ, प्रत्यालीढ अशा उभे राहण्याच्या स्थिती सांगितल्या आहेत. पायांची जागा निश्चित झाल्याखेरीज हाताकडे वळू नये, हा क्रम आजच्या प्रशिक्षणातही कायम आहे. चौदाव्या शतकातील शार्ङ्गधरपद्धती या संग्रहात व वसिष्ठांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या धनुर्वेदात धनुष्याच्या निवडीसंबंधी जे विवेचन येते, ते तर सुरक्षिततेच्या दृष्टीने अत्यंत मोलाचे आहे. सरावाचे धनुष्य वेगळे आणि युद्धाचे धनुष्य वेगळे, असा भेद तेथे केला आहे. धनुष्याची ताकद शिकणाऱ्याच्या बाहुबलापेक्षा किंचित कमी असावी. धनुर्धर धनुष्याहून बलवान असावा, धनुष्य धनुर्धराहून बलवान असू नये, असा त्यातील आशय आहे. कोवळ्या बांबूचे, फार जुने झालेले, जळलेले किंवा छिद्र पडलेले धनुष्य वर्ज्य मानले आहे. सारांश, साधनाची तपासणी हा शिक्षणाचा पहिला पाठ होता.

४.३ आज्ञेचे महत्त्व

द्रोणाचार्यांनी घेतलेली पक्ष्याच्या डोळ्याची परीक्षा सर्वपरिचित आहे. ही कथा एकाग्रतेचे उदाहरण म्हणून शाळेत सांगितली जाते. तथापि, तिच्यात दडलेला दुसरा पाठ सहसा लक्षात घेतला जात नाही. द्रोणाचार्य प्रत्येक शिष्याला बाण जोडून उभे राहण्यास सांगतात, परंतु आज्ञा होईपर्यंत बाण सोडू देत नाहीत. ज्यांना झाड, फांदी, बंधू असे सर्व काही दिसते त्यांना बाण न सोडताच बाजूला केले जाते. अर्जुनाचा बाण सुटतो तोही गुरूची आज्ञा झाल्यावरच. म्हणजे या परीक्षेत बहुसंख्य शिष्यांनी बाण सोडलाच नाही. बाण सोडता येणे ही विद्या आहेच. परंतु ताणलेला बाण न सोडता खाली घेता येणे ही त्याहून अवघड विद्या आहे. आधुनिक प्रशिक्षणातही नवशिक्याला दोरी ताणून पुन्हा हळूहळू पूर्वस्थितीत आणण्याचा सराव प्रारंभीच दिला जातो.

४.४ दुर्घटनांच्या कथा

भारतीय परंपरेने धनुर्धरांच्या पराक्रमाबरोबर त्यांच्या चुकाही जपून ठेवल्या आहेत. दशरथाने काळोखात शरयूच्या काठी केवळ आवाजाच्या रोखाने बाण सोडला आणि पाणी भरणारा श्रावणबाळ मारला गेला. पंडू राजाने मृग समजून बाण मारला तो मृगरूपातील ऋषीला लागला. जरा नावाच्या व्याधाने झाडाखाली विसावलेल्या श्रीकृष्णाचा पाय हरीण समजून विद्ध केला. या तिन्ही कथांत बाण सोडणारा अकुशल नव्हता. उलट, शब्दवेध साधणारा दशरथ हा निष्णात धनुर्धर होता. तिन्ही कथांत दोष नेमाचा नसून निर्णयाचा आहे. समोर काय आहे आणि त्यापलीकडे कोण आहे, याची खात्री न करता बाण सोडला गेला. मराठी घराघरांत श्रावणबाळाची कथा मातृपितृभक्तीची कथा म्हणून सांगितली जाते. ती धनुर्विद्येच्या शिक्षणातील सर्वांत जुनी दुर्घटना-नोंद म्हणूनही वाचली जाऊ शकते. सुटलेला बाण परत येत नाही, ही म्हण या अनुभवातूनच आलेली आहे.

५. यवतमाळ जिल्हा : वन, कायदा आणि तीरकमठा

मध्ययुगात या प्रदेशावर गोंड सत्तेचा प्रभाव होता. आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत कळंब व माहूर यांचा समावेश आढळतो. दूर पल्ल्याच्या युद्धात बंदूक आल्यानंतर धनुष्याचे लष्करी महत्त्व हळूहळू कमी झाले. परंतु वनात त्याचे स्थान टिकून राहिले. आवाज न करणारे, दारूगोळ्याची गरज नसलेले आणि गावातल्याच बांबूपासून तयार होणारे हे साधन सामान्य वनवासीयाला परवडणारे होते.

सन १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६४ मध्ये स्वतंत्र जिल्ह्याची रचना झाली आणि तो पुढे 'वणी जिल्हा' म्हणून ओळखला जाऊ लागला. १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. या काळात दोन प्रकारच्या कायद्यांनी धनुष्याच्या सामाजिक स्थानावर परिणाम केला.

पहिला प्रकार शस्त्रविषयक कायद्यांचा. ब्रिटिश हिंदुस्थानातील १८७८ च्या शस्त्र कायद्यात शस्त्रांची जी व्याख्या होती तीत बंदुका, तलवारी व भाले यांच्याबरोबर धनुष्यबाणांचाही स्पष्ट उल्लेख होता. परवान्याची प्रत्यक्ष सक्ती प्रदेशानुसार व सवलतींनुसार बदलत असली तरी, वनवासीयाच्या दैनंदिन वापरातील वस्तू राज्यसंस्थेच्या दृष्टीने 'शस्त्र' ठरली, हे महत्त्वाचे आहे. स्वातंत्र्यानंतर आलेल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील व्याख्येत धनुष्यबाणांचा असा नामनिर्देश राहिला नाही.

दुसरा प्रकार वनविषयक कायद्यांचा होता आणि त्याचा परिणाम अधिक खोलवर झाला. १८८६ च्या वऱ्हाड वनकायद्याने राखीव जंगलांची व्यवस्था दृढ केली. चराई, गवत, लाकूड यांवर निर्बंध आले. या निर्बंधांविषयीचा असंतोष किती तीव्र होता हे १९३० च्या जंगल सत्याग्रहावरून दिसून येते. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून हा सत्याग्रह केला. गवत कापणे हा जिथे गुन्हा होता, तिथे शिकारीला वाव उरण्याचे कारणच नव्हते.

स्वातंत्र्योत्तर काळात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर देशव्यापी बंदी आणली. घटत्या वन्यजीवांचा विचार करता ती आवश्यकच होती. पांढरकवडा परिसरातील टिपेश्वर अभयारण्यात आज वाघांचे अस्तित्व टिकून आहे, त्यामागे या कायद्याचे बळ आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींच्या अनेक परंपरागत हक्कांना मान्यता दिली. परंतु शिकारीचा पारंपरिक हक्क त्यातून जाणीवपूर्वक वगळण्यात आला. अशा रीतीने सुमारे शंभर-सव्वाशे वर्षांच्या कालखंडात धनुष्याचे मूळ प्रयोजन कायद्याने संपुष्टात आले.

येथे एक ऐतिहासिक परिणाम विशेषत्वाने नोंदवला पाहिजे. वनाश्रित समाजात धनुष्य चालवण्याचे शिक्षण वेगळ्या शाळेत दिले जात नव्हते. ते मोठ्यांच्या मागे चालत, बघत आणि रागावून घेत मिळत असे. बाण केव्हा जोडायचा, पुढे माणूस चालत असताना टोक कुठे ठेवायचे, झुडपात हालचाल दिसली तरी केव्हा थांबायचे, हे सर्व प्रत्यक्ष जीवनातच शिकवले जाई. प्रयोजन संपल्यावर ही पाठशाळाही बंद झाली. म्हणून आजच्या गोंड किंवा कोलाम कुटुंबातील विद्यार्थ्याला धनुर्विद्या उपजतच येते असे मानणे म्हणजे इतिहासाकडे डोळेझाक करणे होय. पंज्या-पणज्यांचे कौशल्य त्याच्यापर्यंत पोहोचवणारी वाट मध्येच तुटलेली आहे. त्याला शहरातील विद्यार्थ्याइतक्याच काळजीने, पहिल्या पायरीपासून शिकवण्याची गरज आहे. हा त्याच्या परंपरेचा अनादर ठरत नाही. उलट, परंपरेत मुलांना जशी काळजीने शिकवण दिली जाई, तिचाच तो पुनःस्वीकार आहे.

६. क्रीडाप्रकार म्हणून पुनरागमन

जागतिक पातळीवर धनुर्विद्येचा समावेश १९००, १९०४, १९०८ व १९२० च्या ऑलिंपिक स्पर्धांत झाला होता. १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय धनुर्विद्या महासंघाची स्थापना झाली आणि नियमांत एकसूत्रता आली. त्यानंतर १९७२ पासून हा क्रीडाप्रकार ऑलिंपिकमध्ये पुन्हा स्थिरावला. भारतात १९७३ मध्ये भारतीय धनुर्विद्या संघटना स्थापन झाली. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये भारतीय धनुर्धर प्रथमच उतरले. त्यांपैकी राजस्थानातील आदिवासी समाजातून आलेले लिंबाराम हे पुढे देशभर परिचित झाले. बांबूच्या धनुष्यावर बालपण गेलेल्या या खेळाडूने १९९२ मध्ये बीजिंग येथील आशियाई स्पर्धेत जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. त्यांच्या यशामुळे आदिवासी भागातील क्रीडागुणांकडे शासनाचे लक्ष वेधले गेले. मात्र, रानातील बांबूचे धनुष्य आणि बीजिंगचे मैदान यांच्यामध्ये काही वर्षांचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण होते, हे विसरून चालणार नाही.

विदर्भात शारीरिक शिक्षणाची परंपरा जुनी आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ मध्ये झाली आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. अमरावती हे पुढे धनुर्विद्येचेही केंद्र बनले. सातारा जिल्ह्यातील सरडे या गावचा, मजूर कुटुंबातून आलेला प्रवीण जाधव याने अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत धनुर्विद्येचे धडे घेतले आणि तो २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारतीय संघात खेळला. बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने मे २०२३ मध्ये शांघाय येथील विश्वचषक टप्प्यात कंपाऊंड प्रकारात सुवर्णपदक मिळवले. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे एकाच दिवशी वैयक्तिक जगज्जेते ठरले. त्यानंतर हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत ओजसने तीन सुवर्णपदके पटकावली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाऊंड प्रकारातील मिश्र सांघिक स्पर्धेचा समावेश करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला आहे. साहजिकच विदर्भातील तालुका पातळीवरील शाळा-महाविद्यालयांतही या खेळाविषयी उत्सुकता वाढत आहे. ही उत्सुकता स्वागतार्ह असली तरी तिच्यासोबत येणारी जबाबदारीही तितकीच मोठी आहे.

७. मैदानावरील शिस्त : नियमांचा अर्थ

आधुनिक रिकर्व्ह धनुष्यातून सुटलेल्या बाणाचा वेग ताशी २०० किलोमीटरहून अधिक असतो. कंपाऊंड धनुष्याचा त्याहून जास्त. असा बाण ७० मीटर अंतरावरील १२२ सेंटिमीटर व्यासाच्या लक्ष्यावर मारला जातो. लक्ष्य चुकले तर तो बाण कोठे जाईल, याचा विचार मैदान आखतानाच करावा लागतो. म्हणून लक्ष्याच्या मागे मातीचा बांध, जाळी किंवा पुरेशी मोकळी व निर्मनुष्य जागा असणे ही पहिली अट आहे. गावातील शाळेच्या मैदानातून पायवाट जात असेल, गुरे चरत असतील, तर असे मैदान कितीही प्रशस्त असले तरी या खेळास अयोग्य ठरते.

सर्व धनुर्धरांनी एकाच रेषेवर उभे राहायचे आणि त्या रेषेच्या पुढे कोणीही असताना बाण जोडायचा नाही, हा या खेळाचा मूलभूत नियम आहे. प्रतीक्षा करणाऱ्यांची रेषा किमान पाच मीटर मागे असते. शिट्टीचे संकेत ठरलेले आहेत. दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचे, एका शिट्टीवर नेमबाजी सुरू करायची, तीन शिट्ट्यांनंतर बाण काढण्यासाठी पुढे जायचे आणि पाच किंवा अधिक शिट्ट्या होताच सर्वांनी तत्काळ थांबायचे. द्रोणाचार्यांच्या आज्ञेची जागा येथे शिट्टीने घेतली आहे. तत्त्व मात्र तेच आहे. बाण कोणाच्या इच्छेने सुटत नाही, तो आज्ञेने सुटतो.

शिकण्याच्या क्रमातही प्राचीन तत्त्वे टिकून आहेत. नवशिक्याला हलक्या ताणाचे धनुष्य देऊन आणि जवळच्या लक्ष्यावर सराव करून घेतला जातो. ताकदीबाहेरचे धनुष्य दिल्यास खांद्याला दुखापत होते, हात थरथरतो आणि बाण अनावधानाने सुटतो. बाणाशिवाय दोरी ताणून एकदम सोडणे सक्त मनाई असते. कारण जी ऊर्जा बाणाला मिळायची ती धनुष्याच्याच पात्यांत परतते आणि धनुष्य फुटून चेहऱ्याला इजा होऊ शकते. बाणाची लांबी शिकणाऱ्याच्या ताणापेक्षा कमी असल्यास बाण मागे सरकून त्याच्याच हातात घुसण्याचा धोका असतो. प्रत्येक फेरीपूर्वी बाणाला तडा गेला आहे का, दोरीचे तंतू उसवले आहेत का, हे पाहावे लागते. जुने व छिद्र पडलेले धनुष्य वर्ज्य मानणाऱ्या धनुर्वेदाची येथे सहजच आठवण होते. मोकळे केस, ओढणी, सैल बाह्या व गळ्यातील माळा दोरीत अडकू नयेत म्हणून त्या आवरून घ्याव्या लागतात. बाण काढण्यास जाताना धावायचे नसते. लक्ष्यात रुतलेल्या बाणांची मागील टोके चालणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असू शकतात. बाण उपसताना मागे कोणी उभे नाही, याची खात्री करून घ्यायची असते. वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या या प्रत्येक नियमामागे कोणाची तरी जखम आहे, हे शिकवणाऱ्याने ध्यानात ठेवले पाहिजे.

८. दुर्लक्षाची किंमत

हे नियम पाळले न गेल्यास काय होते, याची उदाहरणे दूरच्या भूतकाळात शोधावी लागत नाहीत. जानेवारी २०२० मध्ये आसाममधील दिब्रुगड जिल्ह्यात छाबुआ येथे सराव सुरू असताना बारा वर्षांच्या एका मुलीच्या खांद्यामानेजवळ बाण घुसला. तिला विमानाने दिल्लीला नेऊन अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शस्त्रक्रिया करावी लागली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली हे सुदैव; परंतु प्रशिक्षणाच्या मैदानावर अशी घटना घडू शकते, हे त्यातून देशाला कळले.

मैदानाबाहेरचा धोका तर अधिक व्यापक आहे. १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवरील रामायण मालिका आणि १९८८ ते १९९० या काळातील महाभारत मालिका यांनी घराघरांत धनुष्यबाण पोहोचवला. बांबूच्या कामट्या व खराट्याच्या काड्या यांचे धनुष्यबाण करून खेळताना मुलांच्या डोळ्यांना इजा झाल्याचे प्रकार त्या काळात चर्चेत आले. दसऱ्याच्या सुमारास होणाऱ्या अशा नेत्रजखमांकडे देशातील नेत्रतज्ज्ञांनी वेळोवेळी लक्ष वेधले आहे. येथेही तेच सूत्र दिसते. पडद्यावर बाणांचा वर्षाव दिसला; त्यामागची वर्षानुवर्षांची साधना, हातपट्टा आणि गुरूची आज्ञा दिसली नाही. साधन मुलांपर्यंत पोहोचले, शिस्त पोहोचली नाही.

ग्रामीण व आदिवासी भागातील पालक मोठ्या विश्वासाने आपली मुले आश्रमशाळांत व महाविद्यालयांत पाठवतात. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा व पुसद येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पांच्या कक्षेत अशी अनेक मुले शिकतात. दुर्गम गावातील मुलाला गंभीर इजा झाल्यास नेत्रशल्यचिकित्सेची सोय गाठण्यास कित्येक तास लागू शकतात. महानगरात जी जखम वेळीच बरी होईल, ती येथे कायमचे अंधत्व देऊ शकते. म्हणून या जिल्ह्यात सुरक्षिततेचा निकष इतर ठिकाणांपेक्षा अधिक कडक असणे न्याय्य ठरते.

९. निष्कर्ष व सूचना

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) भारतीय परंपरेत धनुर्विद्येचे शिक्षण व सुरक्षितता या दोन वेगळ्या बाबी नव्हत्या. हस्तघ्न, गोधा व ज्याघातवारण ही साधने, धनुष्याच्या निवडीचे निकष आणि गुरूची आज्ञा यांतून हे स्पष्ट होते.

२) श्रावणबाळ, पंडू व जरा यांच्या कथा कौशल्याच्या नव्हे तर विवेकाच्या अभावाने घडणाऱ्या दुर्घटना अधोरेखित करतात.

३) वऱ्हाडातील वन व शस्त्रविषयक कायद्यांमुळे आणि पुढे शिकारबंदीमुळे धनुष्याचे प्रयोजन संपले व त्यासोबत अनौपचारिक शिक्षणाची साखळीही खंडित झाली. 'उपजत कौशल्य' ही कल्पना या इतिहासाशी विसंगत आहे.

४) आधुनिक क्रीडानियम ही परकीय औपचारिकता नसून प्राचीन तत्त्वांचीच लेखी व सार्वत्रिक मांडणी आहे.

या निष्कर्षांच्या आधारे काही सूचना करता येतील. ज्या महाविद्यालयांना हा क्रीडाप्रकार सुरू करावयाचा आहे, त्यांनी साहित्य खरेदी करण्यापूर्वी मैदानाची पाहणी व प्रशिक्षित मार्गदर्शकाची नियुक्ती करावी. अंदाजपत्रकात धनुष्यांच्या संख्येइतकेच हातपट्टे, बोटपट्ट्या, छातीरक्षक, मागील जाळी व प्रथमोपचाराचे साहित्य यांना स्थान असावे. प्रशिक्षकाच्या अनुपस्थितीत धनुष्ये कुलूपबंद ठेवावीत. इतिहास, मराठी व शारीरिक शिक्षण या विभागांनी एकत्र येऊन आपापल्या परिसरातील वयोवृद्धांकडून तीरकमठ्याविषयीच्या आठवणी, शब्द व संकेत नोंदवून ठेवावेत. कारण ही माहिती सांगणारी पिढी आता थोडीच उरली आहे.

धनुष्याची दोरी ताणणे हे बळाचे काम आहे, नेम साधणे हे सरावाचे आणि बाण केव्हा सोडू नये हे ओळखणे शहाणपणाचे. पहिल्या दोन गोष्टी विद्यार्थी मैदानावर लवकर आत्मसात करतात. तिसरी गोष्ट शिकवण्याची जबाबदारी शिक्षकाची आहे आणि ती पार पडल्याखेरीज विद्यार्थ्याच्या हाती धनुष्य देऊ नये, हाच या इतिहासाचा बोध होय.